पाचवी फ्लॉपी

४ फेब्रुवारी

मामा,

आधी नमस्कार घे, मग रागव. तीन महिने पत्र नाही, हे कबूल. फोन पुलावरून पाण्यात पडला. मी त्याच्या मागे उडी मारली नाही, एवढं शहाणपण माझ्या नावावर मांड.

बियाण्यांच्या गोदामातलं काम सोडलं. आईला तू सांग, तुझ्या तोंडून तिला कमी लागतं. तिथे दिवसभर पोत्यांवर शिक्के मारायचे होते आणि माझं लक्ष पोत्यांवरच्या मुंग्यांकडे जायचं. मुंग्या फक्त एकाच जातीच्या बियाण्याला लागतात, ते कुठल्या, हे मी शोधून काढलं. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, शिक्के किती झाले ते सांग. असो. ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे.

आता मी एका टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते आणि दोन गल्ल्या पलीकडे एका दालनात काम करते. दालन जुन्या कॉम्प्युटरचं आहे. चालवतात त्या बाई वीजखात्यातून निवृत्त झाल्यात, हातात सदैव टेस्टर. लोकांनी भंगारात काढलेली यंत्रं त्या उचलून आणतात, पुसतात, चालू करतात. मी कळफलकाच्या एकेका बटणाखालचा तीस वर्षांचा मळ काढते. दहावीला दोनदा बसलेल्या मुलीला याहून बरं काम कोण देणार, असं तू म्हणशील, म्हणून मीच म्हणून ठेवते.

वीस एप्रिलला दालन लोकांसाठी उघडणार. परवा चहा पिताना मी बाईंना फुशारकीने सांगितलं की माझ्या मामाने एक खेळ बनवला होता, 'बेटावरचा दिवा', आणि तो दुकानात विकायला होता. बाईंनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, तो खेळ? तो मी विकत घेतला होता. दीपगृहाच्या दारापर्यंत गेले आणि तिथे तो डिस्क मागत बसला. कितीही डिस्का घाला, दार काही उघडेना. शेवटी दुकानात परत दिला.

मला वाटलं होतं, खेळ दाराशी अडल्याची आपल्या घरातली ती गोष्ट अर्धी खोटी असेल. ती खरी निघाली.

मामा, तुझ्याकडे फ्लॉप्या आहेत. माळ्यावर, वजनांच्या जुन्या पेटीत, हे मी लहानपणी पाहिलंय. पाठव. मी चालवून दाखवते. बाई म्हणतात, चालला तर त्याला मधलं टेबल देऊ आणि शेजारी फलक लावू, कोणी बनवला, काय झालं, सगळं लिहून.

मी काही मोडणार नाही. फोन सोडून मी आजवर काही मोडलेलं नाही.

तुझी,
भिंगरी

•

११ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं. तिचं बरं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

फ्लॉप्या पाठवतो आहे. चार डिस्का, पुस्तिका, आणि ज्यांच्यावरून विक्रीच्या कॉप्या काढल्या त्या मूळ चार वेगळ्या पाकिटात. ऊन, लोहचुंबक आणि तुझी चहाची बशी यांपासून लांब ठेव.

फलकाचं ऐकून बरं वाटलं. मग त्यावर काय लिहायचं तेही नीट ऐक. तुला घरातली अर्धीमुर्धी गोष्ट माहीत आहे, म्हणून पूर्ण सांगतो.

आम्ही दोघे होतो. मी आणि बाइंडर. त्याच्या वडिलांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं म्हणून हे नाव. खेळाची बुद्धी माझी, चित्रं आणि बांधणी त्याची. मराठी अक्षरंसुद्धा त्याने एकेक चित्र म्हणून काढली. सगळी चित्रं, आवाज, खोल्या, असे दोनशे बारा तुकडे होते. ते डिस्कांवर कसे भरायचे ते त्याने ठरवलं, आणि ठरवलं ते दुकानात ठरतं तसं. पुस्तकाच्या प्रत्येक फर्म्यावर, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडीवर, खाली बारीक आकडा छापलेला असतो, म्हणजे बांधणाऱ्याच्या हातून फर्मे उलटसुलट होत नाहीत. तसा त्याने प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर, तो कितव्या डिस्कवरचा, तो आकडा घातला. शिवाय पहिल्या डिस्कवर अनुक्रमणिका होतीच. दोन ठिकाणी तोच आकडा. मी म्हणायचो, एवढी खबरदारी देवाघरीही घेत नसतील.

शेवटच्या दिवशी दुपारी मूळ फ्लॉप्या मी त्याच्या हातात दिल्या. त्याआधी माझ्या टेबलावर खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवला होता. दार उघडलं, जिना चढलो, दिवा लागला, तीन जहाजं वळली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो फ्लॉप्या घेऊन बसने कॉप्या काढणाऱ्याकडे गेला. चारशे खोके आले. सगळे दाराशी अडले. दोन महिन्यांत सगळे परत.

मी त्याला विचारलं, वाटेत काय केलंस. तो म्हणाला, मी फक्त लेबलं चिकटवली. मी म्हणालो, चालणारी वस्तू दिली, बंद पडलेली आली, मध्ये तू होतास. तो उठून गेला. त्यानंतर आजतागायत बोललेला नाही. तेहेतीस वर्षं झाली.

पुढे मी वजनकाटे तपासायच्या खात्यात लागलो. तिथे एकच शिकलो, काटा खोटं बोलत नाही, माल ठेवणारा बोलतो. फलकावर हे यावं: खेळ निर्दोष होता, भागीदाराने शेवटच्या क्षणी त्याच्यात हात घातला. शब्द तू तुझे वापर.

मामा

•

२६ फेब्रुवारी

मामा,

खोकं पोचलं. तू दोरीला किती गाठी मारल्यास ते मी मोजलं, अकरा. सोडवत बसले तर बाईंनी कात्री दिली.

फ्लॉप्या वाचल्या. तेहेतीस वर्षांनी! पहिली थोडी खरखरली, मग वाचली. मी आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवली, मूळ फ्लॉप्यांना पुन्हा हात लावलेला नाही. बघ, शहाणी झाले.

मग खेळले. बेट काय सुंदर आहे रे! तू कधी सांगितलं नाहीस की तिथे एक बोकड आहे. तो माझा दोर खाऊन गेला आणि मी अर्धा दिवस त्याच्यामागे फिरले. नंतर कळलं, दोर लागतच नाही. हा तुझा खोडसाळपणा असणार.

चौथ्या दिवशी दीपगृहाच्या दाराशी पोचले. खेळ म्हणाला, चौथी डिस्क घाला. घातली. म्हणाला, तिसरी डिस्क घाला. घातली. म्हणाला, चौथी. तुला सरकारी कचेरी माहीत आहेच, तूच एक होतास. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथला म्हणतो पहिल्या खिडकीवर जा. बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, हेच. अगदी हेच.

फाइलचं पोट उघडून आतले आकडे दाखवणारा एक प्रोग्राम असतो, तो बाईंनी शिकवला. तुझ्या बाइंडरची पद्धत मला दहा मिनिटांत कळली, आणि मला दहा मिनिटांत काही कळत नाही. प्रत्येक तुकडा दोन ठरलेल्या आकड्यांनी सुरू होतो, म्हणजे दारावरची कडी. मग डिस्कचा आकडा. मग तुकड्याची लांबी. अनुक्रमणिका म्हणते, दाराचं चित्र तिसऱ्या डिस्कवर, अमुक ठिकाणी. तिथे जाऊन पाहिलं, चित्र आहे. पण त्याच्या कपाळावर लिहिलंय चार. म्हणून खेळाला वाटतं की चुकीची डिस्क घातली, आणि तो चौथी मागतो. चौथी घातली की अनुक्रमणिका म्हणते, ही नको, तिसरी हवी.

दुखणं कळल्यावर औषध सोपं वाटलं. तिसऱ्या डिस्कच्या फाइलमध्ये जिथे जिथे चार दिसला तिथे तीन केला. एका झटक्यात, सगळीकडे. खेळ लावला तर समुद्र जांभळा आणि बोकड आकाशात. चारचा आकडा फक्त कपाळावर नसतो ना, चित्रांच्या रंगांतही असतो, अंतरांतही असतो. बाई एवढ्या हसल्या की टेस्टर खाली पडला. आता एकेका तुकड्याच्या दाराशी जाऊन, कडी पाहून, फक्त कपाळावरचाच आकडा बदलायचा. त्याचा छोटा प्रोग्राम लिहिते आहे.

एक विचारायचं होतं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'या खोक्यात चार डिस्का आहेत' असं आहे, पण 'चार' ही कागदाची बारीक पट्टी वरून चिकटवलेली आहे. उजेडात धरली तर खाली 'पाच' दिसतं. तुम्ही आधी पाच डिस्का करणार होता का?

भिंगरी

•

४ मार्च

चि. भिंगरी,

बोकड बाइंडरचा. दोर माझा.

हो, पाच होत्या. शेवटच्या सकाळी मी हिशेब घातला. तिसरी अर्धी रिकामी, चौथी अर्धी रिकामी. दोन्ही मिळून एकीत बसत होत्या. बसवल्या. चौथीतला सगळा माल तिसरीत आला आणि पाचवी झाली चौथी. अनुक्रमणिकेत मी स्वतः एकेक आकडा बदलला, तीन तास लागले, एक चूक नाही. खोक्यामागे एक फ्लॉपी वाचली. पुस्तिका आधीच छापून आली होती म्हणून त्यावर पट्ट्या लावाव्या लागल्या. त्या कामाचा मला अजून अभिमान आहे, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही ते वेगळं. बाइंडर तर म्हणाला होता, बांधून झालेलं पुस्तक उसवू नये.

आणि नंतर तपासून पाहिलं, हे तुला लिहिलंच आहे. माझ्या टेबलावरच्या 'घरच्या' प्रतीवर. घरची म्हणजे कामापुरती. कच्चे तुकडे जोडून बघताना सारखी सारखी डिस्क मागू नये म्हणून त्या प्रतीतला कपाळ बघायचा नियम बाइंडरने काढून ठेवला होता. बाकी खेळ तोच.

तू म्हणतेस कपाळावर चार सापडला. म्हणजे माझा संशय खरा. अनुक्रमणिका माझी बरोबर, तुकडे बिघडलेले. तुकडे कोणाचे होते? फलक कधी रंगवायचा ते बाईंनी तुला सांगितलं असेलच. त्याआधी मजकूर मला दाखव.

मामा

•

११ मार्च

मामा,

खेळ चालला! अथपासून इतिपर्यंत. दार उघडलं, जिना चढले, दिवा लागला आणि तीनही जहाजं वळली. तिसरं जहाज जरा उशिरा वळतं, मला वाटलं बिघडलं, पण ते मुद्दामच असणार. बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या चष्मा काढून पुसला.

इथे खालच्या टायरवाल्याकडे एक नवीन यंत्र आलंय. चाकाचा समतोल बघायचं. चाक फिरवलं की ते सांगतं, अमुक ठिकाणी जड आहे, आणि मग समोरच्या बाजूला एक शिशाचा तुकडा लावायचा. मला त्याने दोन दिवस बसू दिलं. चाकं किती प्रकारांनी वाकडी असतात तुला कल्पना नाही. एका गाडीचं चाक तर दिसायला अगदी गोल, पण फिरायला लागलं की असं थरथरतं, आणि मालक शपथेवर सांगतो की रस्ताच खराब आहे. टायरवाला म्हणतो, गिऱ्हाइकाला चाक वाकडं आहे हे सांगायची एक रीत असते. आधी म्हणायचं, गाडी छान ठेवलीय. शिवाय त्याच्याकडे एक मांजर आहे, ती फक्त ट्रकच्या टायरमध्ये झोपते, गाडीच्या नाही. मी तीन वेगवेगळे ठेवून पाहिले.

फलकाचा मजकूर पुढच्या पत्रात. जरा शब्द जुळत नाहीयेत.

भिंगरी

•

१७ मार्च

चि. भिंगरी,

तुकडे तू दुरुस्त केलेस, ते कसे, याबद्दल एक ओळ नाही. टायरवर दीड पान.

सहा वर्षांची असताना तू माझं पाच किलोचं वजन विहिरीत टाकलंस आणि मला संध्याकाळभर बेडकांबद्दल सांगत बसलीस. तेव्हाही शब्द जुळत नव्हते.

काय सापडलं ते लिही. मी काट्यासमोर चाळीस दुकानदार रडताना पाहिलेत, तू मला काय घाबरवणार.

मामा

•

२० मार्च

मामा,

बरं. बेडूक नाही, मांजर नाही. सरळ लिहिते.

तिसऱ्या डिस्कवरच्या साठ तुकड्यांच्या कपाळावर चार होता. तो मी तीन केला. दार उघडलं. आत गेले, जिन्याची पहिली पायरी चढले, मागितली तशी चौथी घातली, आणि खेळ म्हणाला, पाचवी डिस्क घाला.

मी खोकं उलटं केलं. पाचवी डिस्क नाही. जगात कुठेच नाही. ती तू त्या सकाळी चौथी केलीस.

म्हणजे चौथ्या डिस्कवरच्या सगळ्या तुकड्यांच्या कपाळावर अजून पाच आहे. ते कोणी बिघडवले नव्हते मामा. ते जसे पहिल्यापासून होते तसेच राहिले. बाइंडरने घातले तेव्हा बरोबर होते. तू सकाळी घरं बदललीस, अनुक्रमणिकेत नवे पत्ते लिहिलेस, तीन तास, एक चूक नाही, आणि कपाळं तशीच राहिली. घरच्या प्रतीत कपाळ बघायचा नियमच नव्हता, हे तूच लिहिलंस. म्हणून तुझ्या टेबलावर दार उघडलं. विक्रीच्या प्रतीत नियम होता.

मी तुझ्या बाजूने शोधत होते, शपथ. म्हणून प्रत्येक फाइलवरची तारीख आणि वेळ पाहिली. मूळ फ्लॉप्यांवर तू बाइंडरच्या हातात दिल्यानंतरची एकही नोंद नाही. शेवटची नोंद सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांची. अनुक्रमणिकेची. त्यानंतर कोणी काही लिहिलेलं नाही. तो म्हणाला तेच खरं होतं. त्याने फक्त लेबलं चिकटवली.

दुरुस्ती अशी केली: आधी चाराचे तीन, मग पाचाचे चार. उलट्या क्रमाने केलं असतं तर सगळेच तीन झाले असते. चहा पिण्याइतका वेळ लागला.

मी तुला हवं ते लिहू शकत नाही. फलक रंगवायला रंगारी पाच एप्रिलला येतोय. काय लिहायचं ते तू सांग. मला रागव, पण उत्तर दे.

तुझीच,
भिंगरी

•

६ एप्रिल

मामा,

रंगारी येऊन गेला. खेळाचं नाव रंगवून घेतलं, खालची जागा कोरी ठेवली. बाई म्हणाल्या, राहू दे, कोरीही जागा वाचता येते. तुझं पत्र नाही. आईला पत्रातून विचारलं तर तिने लिहिलं, घरी नाही, दोनदा कुठे जाऊन आला, सांगत नाही.

मी चुकले असले तर तसं सांग.

भिंगरी

•

१४ एप्रिल

चि. भिंगरी,

तू चुकली नाहीस. तुझ्या अकरा चाळीसवर माझा विश्वास बसायला सहा दिवस लागले. माझ्याकडे ती अनुक्रमणिका कागदावर छापलेली होती, त्यावर माझ्या हाताच्या खुणा. दोनशे बारा खुणा, प्रत्येक बरोबर. शेवटच्या पानावर, समासात, बाइंडरच्या अक्षरात एक ओळ आहे. 'कपाळं राहिली का?' पेन्सिलीने. त्याने ती कधी लिहिली, मी पाहिली का, काही आठवत नाही. पाहिली असेन तरी तेव्हा मला जेवायची घाई असणार.

मग त्याच्या दुकानापर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा समोरच्या बाकावर बसून आलो. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेलो. तो आत फर्मे मोजत होता. मोजून गठ्ठा बाजूला ठेवला, आणि पुन्हा उचलून पहिल्यापासून मोजला. पुढचा गठ्ठा, तेच. पूर्वी तो एकदाच मोजायचा. त्याचा हात कधी चुकायचा नाही, त्यावरून मी त्याला चिडवायचो. बाहेर उभा राहून मी चार गठ्ठे पाहिले. चारही दोनदा मोजले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी त्याच्यावर नुसता आळ घेतला नव्हता. मी इतक्या खात्रीने बोललो होतो की त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नाही.

आत गेलो नाही. घरी येऊन पत्र लिहिलं. सहा फाडली. सातवं टाकलं, ते एवढंच:

'दार माझ्यामुळे अडलं. मी पाचाच्या चार केल्या आणि कपाळं बदलली नाहीत. तू फक्त लेबलं चिकटवलीस आणि ती सगळी बरोबर होती. वीस एप्रिलला खेळ लागणार आहे, पत्ता खाली.'

उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरलेलं नाही. मी वीस तारखेला येत नाही. मी असलो तर तो येणार नाही, आणि त्याने तो खेळ एकदा चालताना बघावा एवढंच मला हवं आहे.

फलकावर हे रंगवून घे, एक अक्षर न बदलता: 'हा खेळ दोघांनी बनवला. बांधणी करणाऱ्याचं काम पहिल्या दिवसापासून निर्दोष होतं. चूक आकडे बदलणाऱ्याची, म्हणजे माझी. दुरुस्ती भाचीची.'

माझी सही सोबत जोडली आहे. तशीच रंगवू दे.

मामा

•

२२ एप्रिल

मामा,

टायर नाही, मांजर नाही, सरळ वीस तारीख.

दालन उघडलं तेव्हा चाळीसेक माणसं होती. रंगाऱ्याने तुझी सही हुबेहूब काढली, तुझ्या त्या शेवटच्या शेपटीसकट. साडेदहाला एक उंच, किंचित वाकलेला माणूस आला. बोटांवर सरसाचे वाळलेले डाग. तो खेळाकडे गेलाच नाही. आधी फलकापाशी उभा राहिला. वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी बाईंचा हात धरला.

मग टेबलाशी आला. चारही फ्लॉप्या हातात घेतल्या आणि लेबलांवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार. मी वाट पाहत होते पुन्हा मोजायची. त्याने मोजल्या नाहीत. खाली ठेवल्या आणि मला म्हणाला, "तू भाची."

मी म्हणाले, हो. तो खुर्ची ओढून बसला आणि खेळायला लागला. मामा, तो बेटावर असा चालत होता जसा आपण घरात अंधारात चालतो. बोकडाला दोर मुद्दाम खायला घातला. मागे लोक जमले. दीपगृहाच्या दाराशी आला तेव्हा त्याचा हात आपोआप उठून फ्लॉपीच्या खाचेपाशी गेला आणि तिथेच थांबला. यंत्र काही म्हणालं नाही. काही मागितलं नाही. दार उघडलं. त्याचा हात मात्र बराच वेळ तसाच हवेत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी सर्वांत जोरात. त्यांना परत दिलेल्या खोक्याची भरपाई मिळाली म्हणे. तो जिन्यापाशी आला. आता खरोखर डिस्क बदलायची वेळ, आणि यंत्राने ती रीतसर मागितली. त्याने चौथी उचलली, लेबल पाहिलं आणि परत खोक्यात ठेवली. मागच्यांनी आरडाओरडा केला, अहो वर जा की. तो उठला.

मला म्हणाला, तो कुठाय. मी तुझं कारण सांगितलं. ते ऐकून तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "अजून तसाच आहे. समोरच्याला विचारायच्या आधी त्याचं उत्तर ठरवून मोकळा. माझ्या दुकानासमोर बाकावर बसलेला मला दिसला होता, मग दाराशी उभाही, म्हटलं आज येईल, उद्या येईल."

म्हणजे तुला त्याने पाहिलं होतं, मामा. दोन्ही वेळा.

मी त्याला विचारलं, खरंच तुम्हाला वाटत होतं का की चूक तुमचीच. तो म्हणाला, चारशे खोक्यांना सोळाशे लेबलं, एका रात्रीत एकट्याने, डोळे मिटत होते. पहिलं वर्षभर खात्री होती की बरोबर लावली. नंतर तुझ्या मामाची खात्री माझ्यापेक्षा मोठी निघाली. मग त्याने पिशवीतून कागदाचा एक जाड गठ्ठा काढला. लेबलं. सगळ्यांवर पाचचा आकडा, चारशे होती, पाच डिस्का ठरल्या होत्या तेव्हा छापलेली. फेकवली नाहीत म्हणून पुस्तकांत खुणेला वापरायचा, तरी एवढी उरली. ती तुला द्यायला सांगितली आहेत. म्हणाला, पाचवी त्याने वाचवली, तर लेबलंही त्यानेच सांभाळावीत.

मी ती तुला पाठवत नाहीये. इथे येऊन घे.

कारण जाताना तो बाईंना सांगून गेलाय की यंत्र बंद करू नका. दिवा दोघांनी मिळून लावायचा असं ठरलं होतं, आणि चौथी डिस्क तो घालेल. येत्या रविवारी तो परत येतोय. बाईंनी मधल्या टेबलाला दोरी बांधून वर पाटी लावली आहे, हात लावू नये. विजेचं बिल त्या भरणार म्हणतात, निवृत्त झाल्या तरी खात्याचा माज गेलेला नाही.

सकाळची बस आठ चाळीसला आहे. मी थांब्यावर असेन. फोन नाही, त्यामुळे येत नाही असं कळवायची सोयही नाही.

मी आत्ता त्या यंत्रासमोर बसूनच लिहिते आहे. जिन्याची पहिली पायरी दिसतेय, आणि तिच्यावर बाइंडरने काढलेल्या अक्षरांत तेच वाक्य उभं आहे: चौथी डिस्क घाला. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा ते खरं बोलतंय.

भिंगरी